पेशंट कोण आहे?

पहिला प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने हाच विचारला, "पेशंट कोण आहे?" पेशंट कुणी नाही, पैसे कॅन्सरच्या संशोधनासाठी हवेत, असं मी सांगायची आणि समोरचा माणूस हातातला मोबाइल हळूच खाली ठेवायचा. एखाद्या पोराचं ऑपरेशन अडलंय म्हटलं असतं, तर याच माणसाने तिथल्या तिथे हजार-दोन हजार पाठवले असते. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. आमच्यावर वेळ आली तेव्हा याच लोकांनी न मागता दिलंय.

आम्ही इंदूरचे, राजेंद्र नगरातले. लेक पहिलीत असताना तिचा ताप हटेना, पायांवर काळेनिळे डाग दिसायला लागले, रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा भलताच निघाला आणि त्याच आठवड्यात अवंतिका एक्सप्रेसने आम्ही मुंबईला, टाटाला पोचलो. अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. उपचार अडीच वर्षं चालले. आता ती आठवीत आहे, वर्षातून एकदा तपासणीला जावं लागतं, बाकी तिची सगळी तक्रार गणिताच्या बाईंबद्दल. त्या अडीच वर्षांवर मला इथे फारसं लिहायचं नाही. इंदूर ते महेश्वर आणि परत सायकल चालवून मी जे पैसे जमवले, ते कसे, एवढंच सांगायचंय. असं काही करायचं मनात असलेल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून.

सायकल घरात आली ती औषधामुळे. या मुलांना व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन देतात. ते रोगाला लागू पडतं, तसं नसांनाही बाधतं. लेकीचं पाऊल पुढून उचललं जाईना, जिना चढताना चपलेचं टोक पायरीला अडकायचं. "पायात सोडा वॉटर भरलंय," असं म्हणायची. फिजिओथेरपीच्या ताईंनी घोट्याचे व्यायाम दिले, जरा ताकद आल्यावर सायकल चालवू दे म्हणाल्या. तिच्यामागे धावून माझा जीव जायचा, म्हणून मी पण एक जुनी घेतली. तिने पुढे सायकल सोडून स्कूटीची स्वप्नं बघायला सुरुवात केली, माझी मात्र सुटली नाही. रविवारी सकाळी राऊ, कधी रालामंडल, येताना पोहे. पोह्यांवर शेव आणि जिरावन. वजन उतरलं नाही ते त्यामुळेच.

पैशांची कल्पना धाकट्या भावाची. तो बोस्टनजवळ राहतो. तिथे पॅन-मास चॅलेंज नावाची सायकल फेरी 1980 पासून निघते. बिली स्टार नावाच्या माणसाची आई कॅन्सरने गेली होती; त्याने पहिल्या वर्षी 36 सायकलस्वार जमवले आणि दहा हजार डॉलरच्या आसपास पैसे. आता हजारो लोक येतात आणि पैसा तिथल्या डाना-फार्बर कॅन्सर संस्थेला जातो. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तू चालव, मी किलोमीटरला दोन डॉलर देतो." या दोन डॉलरबद्दल पुढे बोलू.

फार्बर हे नाव मला माहीत होतं. पोराचं आजारपण निघालं की आईबाप रात्री-अपरात्री जे मिळेल ते वाचतात, तसं मीही वाचलेलं. 1948 च्या सुमारास बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन ल्युकेमियाच्या मुलांना काही काळापुरता का होईना, आराम पाडून दाखवला. त्याआधी या आजाराला औषधच नव्हतं. आणि ते अमिनोप्टेरिन ज्यांच्या चमूने बनवलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच कुळातली मेथोट्रेक्सेट ही गोळी माझी लेक आठवड्यातून एकदा, नाक दाबून घेत होती.

संशोधनालाच पैसे का, हा वाद आधी घरात झाला. नवरा म्हणाला, पेशंटला मदत करू, गरज काय असते ती तू डोळ्यांनी पाहिलीस. त्याचं बरोबरच होतं. उपचार अर्ध्यावर सोडून मुलाला कडेवर घेऊन गावी परतणारे आईबाप आम्ही दोघांनीही पाहिलेत. पण माझ्या डोक्यात ते संमतीपत्र होतं.

उपचार सुरू होतानाच डॉक्टरांनी विचारलं होतं, एका अभ्यासात मुलीचं नाव घालायचं का? औषधांचे दिवस थोडे कमी केले तर गुण तेवढाच येऊन त्रास कमी होतो का, असा काहीतरी प्रश्न होता. कोणत्या मुलाला कोणता गट, हे संगणक ठरवणार. नवरा तडक म्हणाला, "माझ्या पोरीवर प्रयोग नको." डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, "आज तिला जे देतोय, ते आधीच्या मुलांच्या अशाच अभ्यासांतून ठरलंय." रात्रभर आम्ही त्यावर बोललो आणि सकाळी सही केली. संगणकाने तिला नेहमीच्याच उपचारांच्या गटात टाकलं. पण कुठल्या तरी तक्त्यात तिची एक ओळ आहे.

नंतर समजलं ते जास्त चक्रावणारं होतं. 1950 च्या दशकात या आजाराची मुलं जवळपास सगळीच जायची. आज प्रगत देशांत दहातली नऊ बरी होतात. मला वाटायचं, मधल्या काळात काही जबरदस्त नवीन औषध निघालं असेल. पण लेकीच्या फायलीतली बहुतेक औषधं 1970 च्या आधीचीच. कुठलं कधी द्यायचं, किती, कशानंतर काय, मेंदूत आजार जाऊ नये म्हणून पाठीच्या कण्यातून औषध केव्हा सोडायचं, हे एकेका अभ्यासात ठरत गेलं आणि तेवढ्यानेच आकडा इतका वर चढला. म्हणजे कुठली तरी अनोळखी मुलं, त्यांच्या आईबापांच्या सह्या, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या नोंदी ठेवणारी माणसं. या नोंदी ठेवणाऱ्यांच्या पगाराला कुणी देणगी देत नाही. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

एकदा हे मनाशी पक्कं झालं, मग व्यवहार. इथे मी बँकेतली असल्याचा उपयोग झाला. पहिला नियम, माझ्या खात्यात एक पैसा घ्यायचा नाही. ज्याला द्यायचे त्याने थेट संशोधन करणाऱ्या संस्थेच्या नावाने द्यायचे, पैसे संशोधनासाठी आहेत हे सोबत लिहायचं आणि मला फक्त कळवायचं. मी तक्ता ठेवणार. दुसरा नियम, रोख नको. देणगीवर आयकरात मिळणारी 80जी ची सवलत दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या पैशांवर मिळत नाही, शिवाय रोख आली की हिशेबाची कुजबुज आलीच. पॅन नंबर द्यावा लागतो हे लोकांना आधीच सांगा, नाहीतर मार्च संपताना सगळे पावतीसाठी तुमच्यामागे लागतात. आणि ज्यांनी नवीन करप्रणाली घेतलीय, त्यांना या पावतीचा करात काही उपयोग नाही, हेही सांगा. मी सांगितलं. दोघांनी लगेच रक्कम निम्मी केली. चालायचंच.

मागायला मात्र तोंड उघडावं लागतं, आणि आपल्याकडे "किलोमीटरला दहा रुपये" हा प्रकार कुणाला पटकन कळत नाही. शाखेतल्या एकाने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही सायकल नाही चालवली तरी मी पैसे देऊ शकतो ना? मग चालवताय कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढं कळलं, की नुसतं 'देणगी द्या' म्हटलं की लोक घड्याळ बघतात, आणि 'या वयात जाम घाट चढणार आहे' म्हटलं की थांबून ऐकतात.

महिला मंडळात वेगळीच तऱ्हा. हळदीकुंकवाच्या दिवशी मला पाच मिनिटं दिली होती. कॅन्सर शब्द काढल्याबरोबर एकदोघींनी "आज नको गं, सणासुदीचं" म्हटलं. मग मी कमल रणदिव्यांपासून सुरुवात केली. पुण्याच्या, फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली तयार झाल्या, तिथल्या कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली, 1982 मध्ये पद्मभूषण. तेच केंद्र आज खारघरला अ‍ॅक्ट्रेक म्हणून आहे, टाटाचाच भाग. आणि आत्ता आत्ता, 2023 मध्ये, मुंबईची आयआयटी आणि टाटा यांनी मिळून विकसित केलेल्या कार-टी पेशींच्या उपचाराला परवानगी मिळाली. पेशंटच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना शिकवून परत सोडायच्या. बाहेरच्या देशांत याला कोट्यवधी लागतात, इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात होतं. हे सगळं आपल्याच देशात, त्यातही मुंबईत होतं, हे बऱ्याच जणींना नवीन होतं. रणदिवे आडनावाने काम केलं हे खरं. मराठी माणूस इंदुरात चार पिढ्या राहिला तरी पुण्याचं नाव निघालं की मान वळतेच.

पण सगळ्यात जास्त वेळ लागला तो शेजारच्या आजींना. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पेन्शन स्वतः आणतात, आणि पैसा कुठे जातो ते विचारल्याशिवाय देत नाहीत. "उपचाराला देते. संशोधन-बिंशोधन मला कळत नाही," म्हणाल्या. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. तुळशीशेजारी पत्र्याच्या डब्यात सदाफुली लावलेली, जांभळट गुलाबी. मी म्हटलं, "आजी, आमच्या छोटीला जे इंजेक्शन द्यायचे ना, ते याच्यातून निघतं."

त्यांचा विश्वास बसेना. मग मी सगळं सांगितलं. 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल नावाच्या डॉक्टरांकडे जमैकाहून सदाफुलीची पानं आली. तिकडे लोक डायबेटिसवर तिचा काढा घ्यायचे, म्हणून त्यांनी तो उंदरांना देऊन बघितला. साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या. ल्युकेमियात वाढतात त्या याच. त्यातून आधी व्हिनब्लास्टिन निघालं, मग अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन. शेकडो किलो सुकी पानं घ्यावीत तेव्हा कुठे एखादा ग्रॅम हाती लागतो.

आजी बराच वेळ डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे रोज सकाळी हिची चार फुलं चावून खायचे. साखरेसाठीच."

"उतरली का साखर?"

"कसली उतरतेय! वर दोन जिलब्या खायचे."

(ही पानं-फुलं अशी चावून खाऊ नयेत, त्यात विषारी द्रव्यं आहेत. हे मी आजींनाही सांगितलं. "आता कोण खातंय," म्हणाल्या.) मग आत गेल्या, चष्मा लावून आल्या आणि संस्थेचं पूर्ण नाव स्पेलिंगसकट विचारून चेक लिहिला. चेकच्या मागे बारीक अक्षरात 'संशोधनासाठी' लिहिलं आणि खाली सही. रक्कम मी सांगणार नाही, त्यांनी बजावलंय. त्यांच्यानंतर आमच्या गल्लीत मला फार बोलावं लागलं नाही. आजी स्वतःच ओट्यावरून सदाफुली दाखवायच्या.

तयारीबद्दल थोडक्यात. गिअरची सेकंडहँड सायकल घेतली. पॅडची हाफपँट घेतली आणि ती सलवारीच्या आत घातली. कोण काय म्हणेल ते म्हणो, त्याशिवाय दोन तास बसून दाखवा. चढ समोर दिसतो तेव्हाच गिअर उतरवायचा, चढावर पोचल्यावर नाही, हे कळायला मला बरेच रविवार लागले. मीठ-साखरेचं पाणी आणि दाण्याचे लाडू, एवढंच खाणं.

दिवस निवडला फेब्रुवारीतला. 15 फेब्रुवारी हा बालकर्करोग दिन असतो, त्याच्या जवळचा शनिवार-रविवार. रस्ता महूवरून जाम घाटाने. धामनोदकडून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता रुंद आहे, पण तिकडचा गणपती घाट ट्रकांचे ब्रेक फेल होण्यासाठी बदनाम, तिथे सायकल घालायची माझी हिंमत नव्हती. रविवारच्या गटातले दोघे सोबत, आणि मागे गाडीत नवरा नि लेक.

अंधारात निघालो. राऊ, महूची छावणी, तिथे चहा. बडगोंद्यानंतर दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा, थंडी अशी की बोटांना ब्रेक कळेना. माळव्याचं पठार सपाट आहे म्हणतात, सायकलवर बसल्यावर ते तितकंसं सपाट वाटत नाही. जाम गेटला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. अहिल्याबाईंच्या काळातला, 1791 चा दरवाजा. तिथे पठार एकदम संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. गेटपाशी सेल्फीवाल्यांची ही गर्दी. मी दगडाला टेकून लाडू खाल्ला आणि खालची वळणं मोजायचं टाळलं, कारण जाताना जे उतरायचं तेच उद्या चढायचं होतं.

उतारावर माझ्या सायकलचे ब्रेक रिमवर घासणारे. सतत दाबून ठेवले की रिम तापते, म्हणून थोडं सोडायचं, थोडं आवळायचं, आणि मध्ये थांबून हात लावून बघायचं. मंडलेश्वरला नर्मदा दिसली. पांढऱ्या कपड्यांतले परिक्रमावासी रस्त्याच्या कडेने चालले होते, त्यातले दोघे साताऱ्याकडचे निघाले. "नर्मदे हर" झालं. त्यांनी विचारलं, तुमची पण परिक्रमा का? म्हटलं, नाही हो, आम्ही उद्या संध्याकाळी घरी. महेश्वरला घाटावर पाय पाण्यात सोडून बसले, त्याच्यापुढचं मला आठवत नाही, आठ वाजता झोपले.

परतीला घाटाच्या अलीकडेच बाभळीच्या काट्याने पंक्चर. गावातल्या दुकानात बसलेल्या मुलाने ट्यूब बाहेर काढली, घमेल्यात बुडवली, बुडबुड्यावर बोट ठेवून म्हणाला, "मैडम, ये तो दो हैं." तीस रुपये घेतले. इंदूरपर्यंत कशासाठी चाललोय ते लेकीने सांगितलं, तेव्हा त्याने थोडा विचार करून दहा परत दिले. ते दहा रुपये रोख असल्यामुळे माझ्या नियमात बसेनात. शेवटी माझ्या रकमेत मिळवले आणि तक्त्यात 'पंक्चरवाला' म्हणून वेगळी ओळ टाकली.

घाट. निमाडात फेब्रुवारीतही दहानंतर ऊन भाजतं. पहिली वळणं मी सर्वात हलक्या गिअरवर काढली, इतकी हळू की शेळ्या पुढे जात होत्या. मग हातांना मुंग्या यायला लागल्या, आणि एका वळणावर मी उतरले ती उतरलेच. सायकल ढकलत चालू लागले. गाडी मागे थांबली, लेक उतरली आणि माझ्याबरोबर चालायला लागली. अर्धा रस्ता ती नवीन बूट चावतात म्हणून कुरकुर करत होती. एका अवघड चढावर तिने सायकलचं मागचं कॅरिअर धरून ढकललं आणि माझ्या पुढे निघून गेली. मी श्वास घ्यायला थांबले आणि तिची पावलं बघत राहिले. टाच, मग चवडा. टाच, मग चवडा. गेट दिसल्यावर पुन्हा सायकलवर बसले.

सोमवारी शाखेत त्याच प्रामाणिक गृहस्थांनी विचारलं, ढकलत नेलेले किलोमीटर धरायचे का? मी म्हटलं, तुमच्या मनाला विचारा. त्यांनी ते वजा केले आणि उरलेल्या रकमेला वर एक हजाराची भर घातली. असा हिशेब मी बँकेत कधी पाहिला नाही.

सगळे मिळून तीन लाखांच्या थोडं वर जमलं. संशोधनाच्या खर्चापुढे ही रक्कम म्हणजे काहीच नाही, हे मला माहीत आहे, आणि कुणी तसं म्हटलं तर मी वाद घालत नाही. पावत्या आल्या. करासाठी नुसती पावती पुरत नाही, फॉर्म 10बीई हे प्रमाणपत्र लागतं आणि ते आर्थिक वर्ष संपल्यावर येतं, हे मी आता झोपेतही सांगू शकते. पुढच्या वर्षीसाठी शाखेतले तिघे तयार आहेत. लेक म्हणते, जाम गेटपर्यंत मी येते, पण खाली उतरणार नाही.

फक्त भावाचे दोन डॉलर किलोमीटर अजून यायचे आहेत. तो अमेरिकन नागरिक झाल्यामुळे त्याचा पैसा परदेशी देणगी ठरतो, भारतीय पासपोर्ट असता तर ठरला नसता, आणि त्याचा मार्ग वेगळा, कागद वेगळे. ते सगळं मी त्याला लिहून पाठवलंय. दर रविवारी फोनवर तो म्हणतो, "बघतो ताई, या आठवड्यात करतोच." तक्त्यात त्याची ओळ मी लाल करून ठेवलीय आणि दर रविवारी तिचा फोटो त्याला पाठवते.